'विमोवे' हा शब्द कुठल्याच भाषेत नाही : एका गाण्याचा १९३९ पासूनचा प्रवास

काळी_चार

आमच्या गायनवृंदात या वर्षी 'द लायन स्लीप्स टुनाइट' बसवायचं ठरलं. माझ्या वाट्याला खालच्या पट्टीतला भाग आला. म्हणजे मुख्य चाल दुसऱ्यांनी गायची आणि आम्ही चौघींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत 'विमोवे, विमोवे' म्हणत राहायचं. तिसऱ्या तालमीला मी विचारलं, याचा अर्थ काय? कुणालाच सांगता येईना. त्या रात्री शोधायला बसले, आणि आता दोन महिने झाले तरी हे गाणं डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

'विमोवे' हा शब्द कुठल्याच भाषेत नाही. तो ऐकण्यातल्या चुकीतून आला आहे. मूळ शब्द झुलू भाषेतला, 'ऊयिम्बुबे'. 'इम्बुबे' म्हणजे सिंह आणि 'ऊयिम्बुबे' म्हणजे 'तू सिंह आहेस'. सॉलोमन लिंडा नावाच्या माणसाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये हे गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा त्याचं नाव होतं 'म्बुबे'.

लिंडाचा जन्म १९०९ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमधल्या म्सिंगा भागातला. लहानपण गुरं राखण्यात गेलं. गुरांवर टपलेल्या सिंहांना पिटाळून लावायचं, ही तिथल्या पोरांची रोजची जबाबदारी, आणि गाण्यात तीच आठवण आहे असं म्हणतात. १९३१ साली तो पोटापाण्यासाठी जोहान्सबर्गला आला. दिवसा काम, शनिवारी रात्री गाणं. 'ओरिजिनल ईव्हनिंग बर्ड्स' हा त्याचा गट. 'म्बुबे'च्या आफ्रिकेत दहाएक वर्षांत लाखभर प्रती खपल्या. गाण्याच्या हक्कांपोटी लिंडाला मिळाले दहा शिलिंग.

पुढे गाणं अमेरिकेत गेलं. नाव बदललं, भाषा बदलली, सिंहसुद्धा बदलला. लिंडाचा सिंह जागा आहे, अमेरिकन गाण्यातला झोपलेला. १९५२ मध्ये 'द वीव्हर्स', १९६१ मध्ये 'द टोकन्स', १९७२ मध्ये रॉबर्ट जॉन, १९८२ मध्ये 'टाइट फिट', १९९४ मध्ये डिस्नेचा 'द लायन किंग'. दर दहा वर्षांनी कुणीतरी हे गाणं नव्याने गातं आणि ते पुन्हा चालतं.

मला जे सांगायचंय ते असं. ज्या चालीमुळे जगातल्या निम्म्या लोकांना हे गाणं गुणगुणता येतं, ती चाल लिंडाने ध्वनिमुद्रण चालू असताना, उभ्या उभ्या गायली होती. पुढच्या प्रत्येकाने शब्द बदलले, वाद्यं बदलली, ताल बदलला. ती चाल मात्र कुणालाही बदलता आली नाही. आणि जगभर वाजलेल्या त्या तबकड्यांवर नेमकं लिंडाचंच नाव नव्हतं.

तुमच्याकडे या गाण्याची कुठली आवृत्ती आहे? ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

जुनी_तबकडी

काळी_चार, फार चांगला विषय काढलात. मी ७८ गतीच्या तबकड्या ऐकत मोठा झालो. मूळ ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं लिहितो, कारण बहुतेक लोक टोकन्सपर्यंत पोहोचतात आणि तिथेच थांबतात.

एरिक गॅलो यांचा जोहान्सबर्गमधला स्टुडिओ हा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पहिला ध्वनिमुद्रण स्टुडिओ. लिंडा त्याच कंपनीत तबकड्या बांधण्याच्या खात्यात नोकरीला होता, म्हणजे इतरांच्या गाण्याच्या तबकड्या तो कागदात गुंडाळून खोक्यात भरत असे. निर्माता होता ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ. पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला. मग मोत्सिएलोआने हाताशी सापडले तसे एक पियानोवाला, एक गिटारवाला आणि एक बॅंजोवाला आत बोलावले आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. वादकांची तालीम शून्य. तबकडी नीट ऐकलीत तर सुरुवातीला वाद्यं सूर चाचपडताहेत हे कळतं. तेव्हा चुकलेला तुकडा कापून जोडायची सोय नव्हती, अख्खं गाणं पहिल्यापासून पुन्हा गायचं.

मग आवाज सावरतात. खाली तीन पुरुष खर्जात एकच ओळ धरून बसतात. आफ्रिकन गटांत खर्जाला एवढी माणसं घालायची पद्धत लिंडानेच रूढ केली. त्या भरीव खर्जावर लिंडाचा फॉल्सेटो, म्हणजे पुरुषाने काढलेला उंच, पातळ आवाज, चढतो. बराच वेळ तो नुसता हाका मारल्यासारखा गातो, रानात लांबवर कुणाला तरी बोलवावं तसा. आणि अगदी शेवटाकडे, गाणं संपता संपता, त्याला काहीतरी सुचतं. आपल्याकडे गवई ऐनवेळी एखादी जागा घेतो ना, तसं. पंधराएक सुरांची ती उतरती ओळ.

टोकन्सच्या गाण्यात इंग्रजी कडवं ज्या चालीवर आहे, ती हीच. मूळ तबकडीत ती जेमतेम एकदा येते, आणि तीही शेवटी. तिसरा प्रयत्नही फसला असता, तर चौथ्या वेळी त्याने तेच गायलं असतं याची काय खात्री?

पाणपोई

बापरे. मला हे टिमॉन आणि पुम्बाचं गाणं एवढंच माहीत होतं. तेही सिनेमात अर्ध्यातच तुटतं. वाचते आहे, लिहीत राहा.

रेघोट्या

अमेरिकेत हे कसं पोहोचलं त्याबद्दल. लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्स याच्या हाती गॅलोच्या काही तबकड्या आल्या. १९४९ च्या आसपास त्याने त्या पीट सीगर या अमेरिकन लोकगायकाला दिल्या. सीगरला 'म्बुबे' इतकं आवडलं की तो ते सूर कागदावर उतरवायला बसला. झुलू भाषा त्याला येत नव्हती. खर्जातला 'ऊयिम्बुबे' त्याला 'विमोवे' असा ऐकू आला आणि तसाच त्याने लिहिला. काळी_चार, तुम्ही चौघी जे गाताय ते सीगरच्या कानाने लिहिलेलं आहे.

सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट आणि फ्रेड हेलरमन म्हणजे 'द वीव्हर्स'. गॉर्डन जेन्किन्सच्या वाद्यवृंदासोबत त्यांनी डेका कंपनीसाठी 'विमोवे' गायलं आणि १९५२ साली ते अमेरिकेतल्या पहिल्या वीस गाण्यांत आलं. त्यात शब्द जवळपास नाहीत, नुसतं 'विमोवे' आणि वर सीगरचा चढा आवाज. मग कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून वीव्हर्सना काळ्या यादीत टाकलं गेलं, रेडिओ बंद, कार्यक्रम बंद. १९५५ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ते पुन्हा एकत्र आले. त्या मैफलीची तबकडी १९५७ मध्ये निघाली, तीतलं 'विमोवे' डेकाच्या आवृत्तीपेक्षा कितीतरी सरस आहे. फक्त बॅंजो, गिटार आणि चार गळे. पुढच्या पिढीने गाणं उचललं ते या तबकडीवरून.

आता श्रेयाचं. वीव्हर्सच्या तबकडीवर लेखक म्हणून नाव होतं 'पॉल कॅम्पबेल'. असा कुणी माणूसच नव्हता. पारंपरिक गाण्यांची मांडणी केली की वीव्हर्स आणि त्यांचा प्रकाशक हे टोपणनाव लावत. 'म्बुबे' पारंपरिक आहे असं धरून चालले सगळे.

जुनी_तबकडी

रेघोट्या, 'धरून चालले' हे जरा सौम्य होतंय. तबकडीच्या कागदावर कलाकाराचं नाव छापलेलं होतं. गॅलो कंपनीने पुढे विचारणाही केली होती.

रेघोट्या

मान्य. तरी सीगरबद्दल एवढं सांगायला हवं, की गाण्याला कर्ता आहे हे कळल्यावर त्याने लिंडाला हजार डॉलरचा चेक पाठवला आणि आपल्या वाट्याचे पैसे त्याला पाठवत जा असं प्रकाशकाला सांगितलं. ते नीट पाठवले जातात का हे त्याने तपासलं नाही. पुढे म्हातारपणी त्याने हे उघडपणे मान्य केलं. त्याची नियत मला खोटी वाटत नाही. पण मजुरांच्या हक्कांची गाणी आयुष्यभर गाणाऱ्या माणसाकडून एका मजुराचाच हिशोब राहून गेला, हे मला लागतं. सीगरची गाणी मी शाळेपासून ऐकतोय, म्हणून जास्तच लागतं.

उंबरा

मधला एक टप्पा सुटतोय. १९६० साली मिरियम मकेबा या दक्षिण आफ्रिकी गायिकेने आपल्या पहिल्या अमेरिकन अल्बममध्ये 'म्बुबे' झुलूत गायलं, मागे चॅड मिचेल ट्रायो. अल्बम आरसीए व्हिक्टरचा. आणि पुढच्याच वर्षी टोकन्सचं गाणं कुणी काढलं? आरसीए व्हिक्टरनेच. म्हणजे हे गाणं दक्षिण आफ्रिकेचं आहे, झुलू भाषेतलं आहे, हे त्या कंपनीच्या कपाटात वर्षभर आधीपासून होतं.

मकेबाची आवृत्ती जरूर ऐका. 'म्बुबे' म्हणताना तिचा 'म्ब' कसा ओठांत दाबून मग सुटतो ते लक्ष देऊन ऐकलं की 'विमोवे' किती लांब भरकटलं ते कळतं.

कोरस_मागचा

टोकन्सवर मी लिहितो, कारण माझा जीव त्या आवृत्तीवर आहे.

ब्रुकलिनची चार तरुण मुलं : हँक मेड्रेस, जे सीगल, मिच आणि फिल मार्गो. जे सीगलने वीव्हर्सची कार्नेगी हॉलची तबकडी पाठ केली होती, आणि निर्माते ह्यूगो पेरेट्टी व लुइजी क्रिएटोरे यांच्यासमोर या मुलांनी 'विमोवे' गाऊन दाखवलं. त्या दोघांना चाल आवडली, पण नुसत्या 'विमोवे'वर पॉप गाणं चालणार नाही असं वाटलं. मग गीतकार जॉर्ज डेव्हिड वाइस आला. त्याने लिंडाची ती शेवटची उतरती ओळ उचलली, तीवर इंग्रजी कडवी बसवली आणि तिलाच गाण्याचा कणा केला. मूळ तबकडीत शेपटाला असलेली जागा इथे मुखडा झाली. हे वाइसचं कसब आहे, ते नाकारू नये.

ध्वनिमुद्रण झाल्यावर त्या मुलांना गाण्याची एवढी लाज वाटली की त्यांनी ते काढू नका म्हणून विनवण्या केल्या. कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं, पुढच्या बाजूला 'टिना' नावाचं दुसरंच गाणं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून मागची बाजू लावली. १९६१ च्या डिसेंबरात गाणं 'बिलबोर्ड' या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं.

या आवृत्तीत वरच्या सप्तकात बाईचा एक निःशब्द आवाज तरंगतो, तो अनिता डॅरियन या ऑपेरा गायिकेचा. तो सॅक्सोफोनच्या आगेमागे असा काही गुंफलाय की वाद्य कुठलं आणि गळा कुठला हे पहिल्यांदा ऐकताना कळत नाही. मी आठवी-नववीत हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ते कुठलंसं वाद्यच आहे असं समजत होतो. आजही तो आवाज आला की अंगावर काटा येतो.

सरळरेषा

कोरस_मागचा यांच्याशी सहमत, आणि थोडं पुढे जाऊन म्हणतो. लिंडावर अन्याय झाला हे खरंच. पण टोकन्सनी आणि वाइसने काम केलं नसतं, तर 'म्बुबे' आज चार संग्राहकांपुरतं उरलं असतं. मांडणी, इंग्रजी शब्द, मुखड्याची जागा हे सगळं वाइसचं. जुनी चाल घेऊन नवं गाणं करणं हा काही गुन्हा नाही. संगीत असंच वाढतं.

उंबरा

सरळरेषा, जुनी चाल घेण्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. त्याच वर्षीचं त्याच तिघांचं दुसरं गाणं बघा. पेरेट्टी, क्रिएटोरे आणि वाइस यांनी १९६१ मध्येच एल्व्हिस प्रेस्लीसाठी 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' लिहिलं. तेही जुन्या चालीवर आहे, 'प्लेझीर दामूर' या अठराव्या शतकातल्या फ्रेंच गाण्यावर. त्याचा संगीतकार मार्तिनी १८१६ मध्येच वारला होता. ती चाल सर्वांची झाली होती, तिथे कुणाचं काही बुडालं नाही.

लिंडा १९६१ मध्ये जिवंत होता. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत राहत होता, आजारी होता, घरात मुलं होती. दोन्ही गाण्यांना एकच रीत लावली गेली, आणि फरक एवढाच होता की एका चालीचा धनी दीडशे वर्षांपूर्वी गेलेला आणि दुसऱ्याचा धनी पत्र टाकलं तर सापडला असता.

सरळरेषा

हे एल्व्हिसच्या गाण्याचं मला माहीत नव्हतं. तुमचा मुद्दा पटला. वाइसच्या मांडणीचं श्रेय मी तरीही देईन, पण नावं चार छापायला हवी होती, तीन नाहीत.

पाणपोई

लिंडाचं पुढे काय झालं?

जुनी_तबकडी

१९५९ मध्ये तो रंगमंचावरच कोसळला. नंतर मूत्रपिंडं निकामी झाली आणि १९६२ मध्ये तो गेला. टोकन्सचं गाणं पहिलं आल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. बँकेच्या खात्यात पंचवीस डॉलरच्या आसपास रक्कम होती. त्याच्या कबरीवर दगड बसवायला घरच्यांना अठरा वर्षं लागली.

कलम_कागद

मी वकील आहे, बौद्धिक संपदेचं काम करतो. या गाण्याचा खटला मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, तो इथे सोप्या भाषेत.

२००० साली रायन मलान या दक्षिण आफ्रिकी लेखकाने 'रोलिंग स्टोन'मध्ये या गाण्याचा सगळा इतिहास खणून काढला. एकट्या 'लायन किंग'च्या सिनेमा आणि नाटकातल्या वापरातून दीड कोटी डॉलरची कमाई झाली असावी, असा त्याचा अंदाज होता. त्या वेळी लिंडाच्या मुली सोवेटोत हलाखीत राहत होत्या. त्यांतली एक २००१ मध्ये एड्सने गेली. औषधोपचार परवडत नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण अवघड होतं. लिंडाने १९५२ मध्ये दहा शिलिंगांना हक्क लिहून दिले होते. नंतर त्याच्या बायकोच्या आणि मुलींच्याही सह्या घेतल्या गेल्या होत्या. कागदोपत्री सगळं विकलेलं. मग वकील ओवेन डीन यांनी १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा कॉपीराइट कायदा उघडला. त्यात एक तरतूद होती. लेखकाने हयातीत हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते आपोआप त्याच्या वारसांकडे परत येतात. लेखकाला हयातीत हा परतावा विकून टाकता येत नाही, कारण गरजेपोटी सगळं विकून बसलेल्या लेखकाच्या मुलाबाळांसाठीच ती सोय होती. तिला 'डिकन्स तरतूद' म्हणतात.

लिंडा १९६२ मध्ये गेला. त्यात पंचवीस मिळवा, १९८७. म्हणजे १९८७ पासून, ज्या ज्या देशांत तो कायदा लागू होता तिथे, गाणं वारसांचं होतं. 'लायन किंग' आला १९९४ मध्ये.

२००४ मध्ये लिंडाच्या मालमत्तेच्या वतीने डिस्नेवर प्रिटोरियाच्या न्यायालयात दावा लागला. अमेरिकन कंपनीला तिथे खेचायचं कसं, हा प्रश्न होता. तर दक्षिण आफ्रिकेत नोंदलेले डिस्नेचे ट्रेडमार्क न्यायालयाने जप्तीत घेतले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. खटला २००६ च्या फेब्रुवारीत उभा राहणार, त्याच्या तोंडावर तडजोड झाली. गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या ॲबिलीन म्युझिक या प्रकाशकाने १९८७ पासूनच्या थकबाकीसह पैसे देण्याचं मान्य केलं, आणि लिंडाचं नाव सहसंगीतकार म्हणून लावायचं ठरलं. रक्कम जाहीर झाली नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या गॅलो कंपनीने दहा शिलिंग दिले होते, तिनेच या खटल्याला पैशांचं पाठबळ दिलं.

रेघोट्या

कलम_कागद, आभार. म्हणजे चार्ल्स डिकन्सच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद झुलू गुराख्याच्या मुलींच्या कामाला आली.

कलम_कागद

हो. आणि जिथे साम्राज्याचा तो कायदा नव्हता, त्या अमेरिकेत तिचा उपयोग शून्य. अमेरिकेतला वाद त्याआधीच होऊन गेला होता. १९९० च्या आसपास गाण्याच्या मालकीवरून वाइस आणि 'विमोवे'चा प्रकाशक आपसांत भांडले. निकाल वाइसच्या बाजूने लागला, आणि सादरीकरणाच्या मानधनातला लेखकाच्या वाट्याचा दहा टक्के हिस्सा लिंडाच्या कुटुंबाला द्यावा असं त्यात ठरलं. त्या वादात लिंडाचं कुटुंब पक्षकारसुद्धा नव्हतं.

सूरपेटी

बाकीच्या आवृत्त्यांबद्दल माझे दोन शब्द.

ग्लासगोच्या कार्ल डेन्व्हरचं 'विमोवे' १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये चौथं आलं. त्यात तो योडेल करतो, म्हणजे छातीचा आवाज आणि फॉल्सेटो यांच्यात झटक्याने उड्या मारतो. मला ती आवृत्ती टोकन्सपेक्षा लिंडाच्या जवळची वाटते, कारण तिच्यात रानातली हाक आहे. त्याच वर्षी आँरी साल्वादोरने फ्रेंचमध्ये 'ल् लियाँ ए मॉर स् स्वार' गायलं. फ्रेंच गाण्यात सिंह झोपलेला नाही, मेलेला आहे. फ्रान्समध्ये पिढ्यान् पिढ्या मुलं तसंच गातात.

रॉबर्ट जॉनची १९७२ ची आवृत्ती अमेरिकेत तिसरी आली, ती घडवण्यात टोकन्सचाच हँक मेड्रेस होता. ज्या गाण्याची लाज वाटली होती, तेच त्याने अकरा वर्षांनी पुन्हा काढलं. ब्रायन ईनोने १९७५ मध्ये एक काढलं, ते शांत आणि थोडं विचित्र आहे, मला फारसं भिडलं नाही. 'टाइट फिट'चं १९८२ चं गाणं ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिलं होतं. ढोलकांचा भरपूर दणदणाट, नाचायला छान, दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटत नाही. आणि १९९२ मध्ये आर.ई.एम. या अमेरिकन बँडने 'द साइडवाइंडर स्लीप्स टुनाइट' काढलं. गाणं वेगळंच आहे, पण सुरुवातीची हाक इथलीच. त्यांनी त्यासाठी परवानगी घेतली आणि मूळ गाणंही तबकडीच्या मागच्या बाजूला गाऊन ठेवलं. वागायची ही रीत मला आवडली.

उंबरा

मला वाटतं आपण सगळे अमेरिका-युरोपच्याच आवृत्त्या मोजतोय. दक्षिण आफ्रिकेत 'म्बुबे' नुसतं गाणं राहिलंच नाही, ते गायनप्रकाराचं नाव झालं. एका फॉल्सेटोखाली भरभक्कम खर्ज, अशा पुरुषांच्या गायनालाच तिथे 'म्बुबे' म्हणू लागले. खाणींत आणि कारखान्यांत काम करायला आलेले पुरुष वसतिगृहांत राहायचे, शनिवारी रात्रभर गटागटांच्या स्पर्धा चालायच्या. लिंडाचा गट तिथे एकसारखे पट्ट्यापट्ट्यांचे सूट घालून उतरायचा, आणि इतर गटांनी ते सूटसुद्धा उचलले.

त्यातूनच पुढे 'इसिकथामिया' आलं. झुलूतल्या 'कथामा' या धातूचा अर्थ पाऊल न वाजवता चालणं. आवाज मऊ, पावलं मऊ. जोसेफ शबालाला यांचा 'लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो' हा गट त्याच वाटेवरचा. अमेरिकन गायक पॉल सायमनच्या १९८६ च्या 'ग्रेसलँड' या अल्बममुळे त्यांना जगाने ऐकलं. १९९० मध्ये त्यांनी 'द मिंट जुलेप्स' या इंग्लंडमधल्या गायिकांच्या गटाबरोबर हेच गाणं वाद्यांशिवाय गायलं. ती आवृत्ती मी कुणालाही पहिल्यांदा ऐकवतो. एका बाजूला टोकन्सचं इंग्रजी, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या घरातलं ते गाणं आहे त्यांचा खर्ज.

म्हणून सरळरेषा, 'चार संग्राहकांपुरतं उरलं असतं' हे तुमचं म्हणणं तेवढं मान्य नाही. ब्रुकलिनपर्यंत पोहोचलं नसतं, एवढंच.

सरळरेषा

बरोबर. ते वाक्य मी मागे घेतो.

पाणपोई

मी काल रात्री क्रमाने ऐकलं. १९३९, मग वीव्हर्स कार्नेगी हॉल, मकेबा, टोकन्स, मग माम्बाझो, आणि शेवटी परत १९३९. पहिल्यांदा मूळ तबकडी लावली तेव्हा खरं सांगते, ओळखीचं काहीच सापडेना. खरखर, त्यात कुणीतरी उंच आवाजात ओरडतंय, मला वाटलं चुकीचं गाणं लावलं. शेवटी ती ओळ आली तेव्हा कळलं. सगळं ऐकून झाल्यावर परत तीच लावली, तर या वेळी ती ओळ यायच्या आधीच मी श्वास रोखून बसले होते. तो त्या सुरांवर येतो तेव्हा खालचे खर्जवाले जराही हलत नाहीत. त्यांना माहीतच नव्हतं ना तो काय गाणार आहे ते?

जुनी_तबकडी

पाणपोई, ध्रुवपद त्यांना पाठ होतं. त्यावर वर तो काय करील ते दर वेळी वेगळं असायचं. त्यांचं काम एकच, त्याच्या पायाखालची जमीन हलू द्यायची नाही.

काळी_चार

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरा, माम्बाझोची आवृत्ती परवाच्या तालमीत सगळ्यांना ऐकवली. कलम_कागद यांनी सांगितलेलं मी तिथे तोंडी सांगितलं, आणि आमच्या वृंदप्रमुख बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, कार्यक्रमपत्रिका अजून छापायला गेलेली नाही.

तीत आता 'संगीत : सॉलोमन लिंडा' असं पहिलं येईल आणि वाइस, पेरेट्टी, क्रिएटोरे ही नावं त्यानंतर. मांडणीतही एक बदल झाला. सुरुवातीची दोन आवर्तनं आम्ही चौघी आणि मागचे सहा पुरुष 'ऊयिम्बुबे' गाणार आहोत. इंग्रजी कडवं सुरू झालं की नेहमीचं 'विमोवे'. हा शब्द तोंडात बसायला वेळ लागतोय. 'यि' लांबला की ताल सुटतो आणि 'म्बु' आखूड झाला की परत 'विमो' व्हायला लागतं. काल एकदाच, सलग आठ वेळा, दहाही जणांचा एकसारखा आला. आज परत तालीम आहे.

उंबरा

मकेबाचा 'म्ब' ऐका, ओठ आधी मिटून घ्या. आणि तालमीचं ध्वनिमुद्रण केलंत तर इथे द्या.